नाही म्हणण्याची मुभा

नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. कोकणातून घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत, असं जुन्नर तालुक्यात शाळकरी पोरंही सांगतात. रांजणापासून थोडं खाली उतरलं की कातळात कोरलेलं एक चौकोनी लेणं लागतं. ते भिक्षूंसाठी नव्हतं. तिथे सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे ओळीने उभे होते. पुतळे गेले, पण सिमुक, सातकर्णी, नागनिका ही त्यांच्यावर कोरलेली नावं उरली. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख आहे. तो इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा असून राणी नागनिकेचा मानला जातो.

लेखाची सुरुवात नमनाने होते. धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, चार दिशांचे लोकपाल. मग महिना महिना उपवास करणाऱ्या, घरात राहून तपस्विनीसारखं जगणाऱ्या राणीचं वर्णन येतं. त्यानंतर अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम अशी यज्ञांची यादी सुरू होते आणि प्रत्येक यज्ञापुढे त्याची दक्षिणा मांडलेली असते. गाई, घोडे, हत्ती, रुप्याची भांडी, रोख कार्षापणं. एका जागी ११०१ गाई, दुसऱ्या जागी २४,४०० कार्षापण. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांमध्ये या भिंतीवरचे आकडे मोजले जातात.

धर्म माणसाला वर उचलण्यासाठी निघाला की त्याला वेसण घालण्यासाठी, असा वाद पेटला तर दोन्ही बाजूंच्या लोकांना नाणेघाटात आणून उभं करावं. एक म्हणेल, बघा, वैभवात राहून व्रतस्थ असलेली बाई. मिळालं ते वाटून टाकतेय. दुसरा म्हणेल, बघा, जकातीच्या नाक्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा जागी, राजघराणं आपल्या अश्वमेधाची जाहिरात करतंय. देवांना नमन आणि राजाला मान यांची गाठ इथे पक्की बसलीय. दोघंही खरं बोलतील. भिंत एकच आहे आणि दोन्ही गोष्टी तिच्यावर एकाच हाताने कोरल्या आहेत.

उगमाशी जाऊन हा वाद मिटत नाही, कारण कुठल्याही धर्माच्या उगमापाशी निःपक्ष साक्षीदार हजर नसतो. मात्र धर्माच्या नावाने दिलेल्या वस्तूचा माग काढता येतो. श्रद्धा मोजता येत नाही, पण गाय, शेत आणि पैसा मागे कागद किंवा दगड ठेवतात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत असा माग दोन हजार वर्षांचा सापडतो. कोणी दिलं, कोणाला दिलं, आणि न देणाऱ्याचं काय झालं, एवढे तीन प्रश्न हाताशी घेऊन तो काढायचा.

लेख नसलेला धर्म

या मुलखातला सर्वांत जुना धर्म मात्र दगडावर नाही, रानात आहे. डिंभे धरणाच्या पाण्याच्या वर, भीमाशंकरच्या डोंगररांगेत महादेव कोळ्यांची गावं आहेत. आंबेगाव नावाचं मूळ गाव आज त्याच पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. वर आहुप्याला भैरवनाथाची देवराई आहे. देवराईचा नियम साधा असतो. इथली फांदी तोडायची नाही, वाळलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही, कुऱ्हाड चालली तर देव कोपेल.

अश्विनातल्या वद्य बारशीला याच पट्ट्यात वाघबारस होते. वाघोबाच्या ठाण्याशी नैवेद्य दाखवला जातो आणि गुराढोरांना सांभाळ म्हणून त्याला विनवलं जातं. जुन्नर तालुक्यात माणिकडोहला वनखात्याचं बिबट्या निवारा केंद्र आहे आणि उसाच्या फडात बिबट्या निघाल्याच्या बातम्या नित्याच्या आहेत; त्यामुळे ही विनवणी कशासाठी, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

हा धर्म उदात्त की नियंत्रणाचा? भीती इथे उघड आहे आणि बंदीही उघड आहे. पण बंदी पाटलाला आणि गुराख्याला सारखीच आहे, आणि तिचा फायदा, म्हणजे झऱ्याचं पाणी, औषधी झाडं, पाखरं, साऱ्या गावाचा आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा शहरी वाचकाला पहिल्यांदा कळलं की अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेलेल्या या रिवाजाने जंगलाचे जुने तुकडे जिवंत ठेवले होते. म्हणजे 'नियंत्रण' हा शब्द उच्चारला की निकाल लागला, असं होत नाही. ज्याच्यावर नियंत्रण आहे त्यालाच त्याचा लाभ मिळतो का, आणि नियम करणारा स्वतः त्या नियमात बसतो का, हे पाहावं लागतं.

भीती आधी की हिशोब आधी, याचं उत्तर जगाच्या इतिहासातही एकाच दिशेचं नाही. तुर्कस्तानात ग्योबेकली तेपे इथे शिकारीवर जगणाऱ्या माणसांनी सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी कोरीव दगडी खांब उभे केले. तिथे राजा नव्हता, करवसुलीही नव्हती. उलट इराकमधल्या उरुक शहरात इसवीसनापूर्वी चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस लेखनकला जन्मली ती देवळांच्या आणि कोठारांच्या जमाखर्चातून. माणसं देवापाशी जमली आधी. कोठाराच्या किल्ल्या कुणीतरी कमरेला लावल्या नंतर. या दोहोंच्या मधे काय घडतं, हे जुन्नरच्या डोंगरांत फार स्पष्ट दिसतं.

पावणेदोन आणि पाव

जुन्नर गावाभोवतीच्या डोंगरांत तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री असे लेण्यांचे गट आहेत. लहानमोठी खोदकामं मिळून दोनशेच्या घरात जातात. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे नाहीत, असं अभिमानाने सांगतात. नाणेघाटातून आलेला माल इथे उतरे आणि पैठणकडे जाई. वाटेवरच्या या बाजारपेठेने बौद्ध संघाला डोंगर कोरून दिले.

देणारे कोण होते, ते लेखांतून कळतं. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाच्या, म्हणजे सोनाराच्या, मुलाने, सुलसदत्ताने दिलं. शिवनेरीवर वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहपतीने चैत्यगृह दिलं आणि सगळ्या लोकांच्या हितासुखासाठी ते आहे, असं त्यावर लिहून ठेवलं. त्याच डोंगरात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, पाण्याची दोन टाकी खोदवली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. आडुथुम नावाच्या एका शक उपासकाने शेतांचं दान दिलं. त्यात करंजांच्या लागवडीसाठी २० निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप) आणि वडांसाठी ९ निवर्तनं, असा हिशोब आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने, लेखातल्या कालगणनेच्या ४६व्या वर्षी, मानमोडीला मंडप आणि टाकं दिलं.

ही यादी नाणेघाटाच्या यादीच्या पुढे ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. नाणेघाटात एकच घराणं देतं आणि तेच पुतळ्यांतून उभं राहतं. इथे सोनाराचा पोर आहे, धान्यवाला आहे, परदेशी माणूस आहे. दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या भाषेत, यवनाने पाण्याचं टाकं खोदून द्यावं, यासाठी कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली असेल, असं मानायला काही आधार नाही. वर्णात त्याला जागा नव्हती, यज्ञात नव्हती, संघात होती. ज्याला धर्माचा उदात्त आरंभ दाखवायचा आहे, त्याने वाटसरूसाठी आणि भिक्षूसाठी खोदलेल्या या टाक्यांकडे बोट दाखवावं. त्यांतल्या कितीतरी टाक्यांत आजही पाणी असतं.

पण जुन्नरच्याच एका लेखात दुसरी गोष्ट आहे. बुरुडांच्या श्रेणीकडे महिन्याला पावणेदोन, कासारांच्या श्रेणीकडे महिन्याला पाव, अशी ठेवीची नोंद त्यात आहे. मूळ रक्कम श्रेणीकडे राहायची, तिचं व्याज संघाला मिळत राहायचं. अशा कायमच्या ठेवीला अक्षयनीवी म्हणत. देणारा मेला तरी देणं चालू. दानाच्या इतिहासातलं हे मोठं वळण आहे. भिक्षापात्र घेऊन दारी येणाऱ्याला घरधनी 'आज नाही' म्हणू शकतो आणि भिक्षू पुढच्या घरी जातो. व्याजाला 'आज नाही' म्हणता येत नाही. बुरुडाचा नातू परड्या विणत राहील आणि त्यातला वाटा आजोबांच्या काळच्या करारापोटी डोंगरावर जात राहील.

पुढची पायरी जमिनीची. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचे लेख आहेत. संघाला दिलेल्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी तिथे खणायचं नाही, अशा सवलती त्यांत नोंदल्या आहेत. राजाने हात काढून घेतला की शेतावरचा अधिकार संघाचा. पण शेत कसणारा कुळंबी? तो दानाबरोबर या हातातून त्या हातात गेला आणि त्याला कुणी विचारलं नाही. त्याच राजाच्या २४व्या राज्यवर्षाच्या लेखात एक मार्मिक ओळ आहे: आधी दिलेल्या काखडी गावचं शेत कसलं जात नाही, ते गाव वसलेलं नाही, म्हणून आता नगराजवळचं दुसरं शेत देतो. गाव उठून का गेलं, हे लेख सांगत नाही. पण गावात माणूस नसेल तर राजाचं दानसुद्धा कोरडं राहतं, एवढं तो नकळत सांगून जातो.

कौटिल्याची कबुली

धर्म हे नियंत्रणाचं साधन आहे, हा शोध आधुनिक युरोपाने लावला, असं समजणाऱ्याने कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडावं. त्याच्या पाचव्या अधिकरणात रिकामा झालेला खजिना भरण्याचे उपाय दिले आहेत. देवस्थानांवरच्या अधिकाऱ्याने रातोरात एखादं दैवत प्रकट झाल्याचं दाखवावं आणि तिथे यात्रा भरवून उत्पन्न मिळवावं. अवेळी फळं-फुलं आलेल्या झाडाचा चमत्कार दाखवावा. अनेक फण्यांचा नाग दाखवून पैसे घ्यावेत. लाज न बाळगता, कारभाराची सूचना म्हणून हे लिहिलं आहे. चार्वाकांनीही वैदिक कर्मकांड हे भटांच्या पोटापाण्याचं साधन असल्याचा आरोप केला होता.

मात्र कौटिल्याच्या युक्तीतच तिची मर्यादा आहे. लोक आधीपासून देवापाशी मनोभावे जात असतील, तरच खोट्या देवाचा खजिन्याला उपयोग. खोटं नाणं चालायला बाजारात खरं नाणं आधी चालू असावं लागतं. म्हणजे धर्म मुळात फसवणूक म्हणून जन्मला, हे कौटिल्यावरून सिद्ध होत नाही. माणसाच्या मनात आधीच असलेल्या श्रद्धेवर राज्याचा डोळा फार लवकर गेला, एवढंच सिद्ध होतं.

जुन्नरला पुढे भिक्षू उरले नाहीत आणि लेणी ओस पडली. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यातला विहार गिरिजात्मज गणपतीचं ठाणं झाला. अष्टविनायकांपैकी हा एकच डोंगरात कोरलेल्या लेण्यात आहे. शिवनेरीवर शिवाईदेवी कोरीव लेण्यात बसली, तुळजा लेण्यात तुळजाभवानी आली. भिक्षूंच्या खोल्या, त्यांची टाकी, त्यांच्या पायऱ्या नव्या देवांच्या कामी आल्या. तिकडे भीमाशंकरला वसईच्या १७३९च्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीजांची घंटा टांगलेली आहे. वसईत चर्चची प्रार्थना सांगणारी ती घंटा इथे विजयाची खूण बनली. एका देवाची वस्तू दुसऱ्याच्या दारी गेली की तिच्यात सत्तेची गोष्ट मिसळतेच.

वाळीत टाकलेल्या घरातून

मध्ययुगात धर्माचं सर्वांत धारदार हत्यार कोणतं होतं, याचं उत्तर जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आहे. तिथे रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मसभेपुढे ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या तोंडून वेद बोलवले, तो परतीच्या वाटेवर इथे निवर्तला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. कथेतला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवा आणि ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं पैठणला गेली कशासाठी, ते पाहा. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या बापाची मुलं म्हणून त्यांना वाळीत टाकलं होतं. शुद्धिपत्र हवं होतं. जगण्याची परवानगी कागदावर देणारी सभा, आणि त्या सभेपुढे उभी राहिलेली पोरं. वारकरी परंपरेने शेकडो वर्षं आळ्याला रेड्याची पूजा केली, त्या सभेतल्या कुणाची नाही.

ओतूरला, मांडवी नदीच्या काठी, तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. त्यांनी तुकोबांना स्वप्नात मंत्र दिला, माघ शुद्ध दशमीला. इथे दक्षिणा नाही, मध्यस्थ नाही, सभा नाही, गुरुदीक्षासुद्धा स्वप्नात. भक्तिचळवळीचा हाच मोठा उठाव होता की देवाकडे जायला वाटेत जकातनाका नको. पण तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या त्या धर्माचा अधिकार सांगणाऱ्यांच्या आदेशाने. आणि संतांच्या समाध्यांनाही पुढे इनामं मिळाली, पुजारी नेमले गेले, मानपान ठरले. आजही सातबाऱ्यावर 'देवस्थान इनाम वर्ग ३' अशी नोंद असलेल्या जमिनी गावोगाव आहेत. मालक देव, वहिवाट पुजाऱ्याची, विक्रीला सरकारची आडकाठी. कुणा एका माणसाच्या भक्तीने दिलेलं शेत महसूल खात्याचा एक वर्ग होऊन बसलं.

पेशवाईत तर दक्षिणा राज्याच्या ताळेबंदात आली. तळेगावच्या दाभाड्यांनी ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटण्याची प्रथा चालवली होती. डभईच्या लढाईनंतर ती पेशव्यांकडे आली आणि पुण्यात तिचा मोठा सोहळा झाला. इंग्रजांनी ती एकदम मोडली नाही. रक्कम घटवत तिचा काही भाग १८२१च्या पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला की हा पैसा मराठी ग्रंथांना द्या, आणि १८५१मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. यज्ञापुढच्या गाईंपासून निघालेला प्रवाह मराठी पुस्तकाच्या बक्षिसापर्यंत आला, आणि वाटेत त्यासाठी भांडण झालं.

ओतूरचं लग्न

भांडणाचं टोक ओतूरलाच गाठलं गेलं. गावगाड्यात ग्रामजोशाचं वतन असे. लग्न, मुंज, वास्तुशांत, काही असो, दक्षिणा त्याच्या हक्काची. एका काळी कुणीतरी त्याला बोलावलं असेल, त्याने मंत्र म्हटले असतील, यजमानाने आनंदाने देणं दिलं असेल. पिढ्या गेल्या आणि देण्याचा हक्क झाला. तुम्ही दुसऱ्याला बोलावलंत तरी याचं देणं लागायचं; अशा दाव्यांना इंग्रजी न्यायालयांनीही मान्यता दिलेली होती. बुरुडाच्या पावणेदोनाचा हा दूरचा वंशज. फरक एवढाच की बुरुडाच्या श्रेणीने निदान करार केला होता.

जोतीराव फुल्यांनी १८७३च्या २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. त्याच वर्षी त्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. धर्म हे नियंत्रणाचं साधन आहे, हा सिद्धांत मराठीत इतक्या निकराने त्याआधी कुणी मांडला नव्हता: पुराणातले अवतार म्हणजे जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांवर लादलेल्या कथा, आणि भटशाही म्हणजे त्या विजयाची चालू वसुली. समाजाने पुरोहिताशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी आपल्या घरचं लग्न तसंच लावलं. ग्रामजोशाने दक्षिणेसाठी त्यांच्यावर फिर्याद केली. जुन्नरच्या कोर्टात सुरू झालेला हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

खटल्याचा विषय वरवर काही रुपयांचा होता. आतला प्रश्न मोठा होता. ज्याला मी बोलावलं नाही, ज्याने काही केलं नाही, त्याला देणं हे दान कसं? आणि दान नसेल, तर तो कर आहे. कर असेल, तर तो घेणारा राज्यकर्ता कधी झाला? सत्यशोधक परंपरेत हा खटला जिंकल्याची आठवण अभिमानाने सांगतात. कायद्याने मात्र तो प्रश्न मुंबई इलाख्यात १९२६मध्ये मिटवला: विधीला न बोलावलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरचा दावा कोर्टात टिकणार नाही, असं ठरवणारा कायदा त्या वर्षी झाला. नाणेघाटानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी जुन्नरच्या कुणब्याला दक्षिणा न देण्याचा लेखी हक्क मिळाला.

फुल्यांच्या गोष्टीतला अधिक विचार करायला लावणारा भाग यानंतरचा आहे. धर्माला कपट म्हणणाऱ्या या माणसाने धर्म सोडून दिला नाही. १८८७मध्ये त्यांनी सत्यशोधक पद्धतीच्या पूजाविधीचं पुस्तक काढलं. त्यात मंगलाष्टकंसुद्धा होती. लग्न मंत्रांशिवाय लागेल, पण सोहळ्याशिवाय नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म लिहिलं; ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात देव आहे, फुले त्याला निर्मीक म्हणतात. आणि त्यात एका घराचं चित्र आहे: बाईला पटलं तर तिने बौद्ध व्हावं, नवऱ्याने ख्रिस्ती व्हावं, मुलीने मुसलमान, मुलाने सत्यधर्मी, आणि साऱ्यांनी एका छपराखाली एकमेकांचा द्वेष न करता गोडीगुलाबीने राहावं.

धर्माच्या उगमाविषयी फुले आणि त्यांचे विरोधक यांचं कधीच एकमत झालं नसतं. पण या घराच्या चित्रात फुल्यांनी वादाची जागाच बदलली. धर्म कुठून आला, यापेक्षा घरातल्या माणसाला त्यातून उठून जाता येतं का, हा त्यांचा कस आहे. दोन तालुक्यांचा हा माग त्याच कसाला उतरतो. यवनाने टाकं दिलं, तेव्हा न देण्याचीही त्याला मुभा होती. म्हणून ते दान उदात्त. कसणाऱ्याला विचारल्याशिवाय दिलेलं शेत, पिढ्यान्‌पिढ्या चालणारं व्याज, न बोलावलेल्या जोशाचा हक्क, यांत ती मुभा संपली; तिथे धर्माची वेसण झाली. बहुतेक वेळा हे कुण्या कपटी माणसाने एका रात्रीत केलं नाही. बापाने मनापासून दिलेलं मुलाने रीत म्हणून दिलं आणि नातवाने भीतीपोटी.

१९५६च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी जे केलं, तेही या कसाला लावता येतं. त्यांनी धर्म नाकारला आणि त्याच दिवशी निवडला. नकार आणि स्वीकार एकाच माणसाच्या हातात असणं, हे त्या दिवसाचं मोल. जुन्नरच्या लेण्यांमध्ये आज बुद्धाला वंदन करायला येणाऱ्या अनेकांची श्रद्धा नकळत चालत आलेली नाही. त्यांच्या आजोबा-आजींनी ती जाणूनबुजून घेतलेली आहे.

ही मुभा कायद्याने एकदा मिळाली की कायमची राहते, असंही नाही. मुंबई राज्याने १९४९मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर रद्द ठरवला. बहिष्कार टाकण्याचा अधिकार हा धर्मस्वातंत्र्याचाच भाग, असं बहुमताने म्हटलं. म्हणजे एकाच्या स्वातंत्र्याचा अर्थ दुसऱ्याला वाळीत टाकण्याची सत्ता असा निघाला. महाराष्ट्राने २०१६मध्ये सामाजिक बहिष्कार रोखणारा नवा कायदा केला. जातपंचायतीच्या दंडाला न जुमानणाऱ्याला त्याचा आधार आहे, पण तो मागायला पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची हिंमत लागते.

आणि शेवटी यात्रेची पट्टी. चैत्र-वैशाखात जुन्नर-आंबेगावात गावोगाव यात्रा भरतात. पालखी निघते, घाटात बैलगाडे पळतात, रात्री तमाशा असतो. २०१४मध्ये बंद झालेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये मान्यता दिली, तेव्हा या भागात गुलाल उधळला गेला. हे सगळं लोकवर्गणीतून होतं. मुंबई-पुण्याला गेलेला चाकरमानी आनंदाने जास्तीचे पैसे देतो, कारण वर्षातून एकदा त्याला आपलं गाव परत मिळतं. अशा देण्यात नियंत्रण शोधायला जाणारा माणूस गावाला ओळखत नाही.

पण गावात कुणी असं घर असतं जे पट्टी देत नाही. कुणी बौद्ध आहे, कुणी नास्तिक, कुणाचं भावकीशी बिनसलेलं, कुणापाशी यंदा खरंच पैसे नाहीत. यात्रा कमिटीची माणसं त्याच्या दारी जातात आणि तो नाही म्हणतो. त्यानंतर त्याच्या घरच्या मयताला किंवा लग्नाला गाव नेहमीसारखं येत असेल, तर त्या गावची यात्रा देवाची आहे. येत नसेल, तर ती पट्टी म्हणजे वसुली आहे, मग मांडवात मूर्ती कितीही देखणी असो. धर्म कसा सुरू झाला याचा निवाडा पंडितांनी करत राहावा. आपल्या गावात तो आज काय आहे, याचा निवाडा दर साली, पट्टी गोळा करताना, आपण स्वतःच करत असतो.